सिम्युलेशन स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून जाताना : गृहीतकांचे पान कोण वाचणार?

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका प्राध्यापकांचा फोन आला. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे महाविद्यालय आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ते दोन दिवसांची सिम्युलेशन मॉडेलिंगची स्पर्धा घेणार होते. "मॅडम, तुमच्या अभ्यासिकेतली मुलं पाठवाच, पण तुम्ही स्वतःही या. माणसं कमी पडताहेत." मी म्हटले, सर, माझे एम.ए. समाजशास्त्रात झाले आहे, गणित दहावीनंतर सुटले. ते म्हणाले, "गणितवाले माझ्याकडे आहेत. उत्तर वाचून 'असं कुठं असतं का?' म्हणून विचारणारं कोणी नाही."

नोंदणीच्या टेबलावर बसायचे आणि चहापाण्याकडे बघायचे, एवढ्याच हिशोबाने मी गेले. आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात स्वयंसेवक म्हटले की खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचे कॅन आणि रात्री मंडप आवरणे हेच येते. त्यात कमीपणा काही नाही. आपली मोठमोठी संमेलने त्या हातांवरच उभी राहतात. पण या स्पर्धेत स्वयंसेवकाला जे काम मिळते ते वेगळ्या जातीचे आहे, आणि तिथे आपली माणसे जवळपास नसतातच. ते काम नेमके काय असते हे आपल्या तरुण-तरुणींना नीट समजावे, म्हणून हा लेख.

आधी सिम्युलेशन म्हणजे काय

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर ज्यांनी रांग सांभाळली आहे, त्यांना सिम्युलेशनचा अर्धा भाग आधीच माहीत आहे. समजा, दर्शनाच्या दारातून मिनिटाला १०० माणसे पुढे सरकू शकतात आणि रांगेच्या शेपटाला मिनिटाला १२० येऊन लागतात. फरक फक्त २० चा. पण पाच तास असेच चालले तर रांगेत ६,००० माणसे साचतात. आता गर्दी ओसरली, मिनिटाला ८० च येऊ लागली, तरी साचलेली रांग संपायला आणखी पाच तास लागतात. 'गर्दी कमी झाली तरी रांग का हटत नाही?' म्हणून वैतागणाऱ्याला हे उत्तर आहे. आणि दार थोडे रुंद केले, मिनिटाला १३० जाऊ लागली, तर मुळात रांग साचतच नाही.

हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. खऱ्या रांगेत माणसे एका लयीत येत नाहीत. लोकलमधून एकदम लोंढा येतो, म्हातारे हळू चालतात, मध्येच कोणाला भोवळ येते. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की कागदावरचे सूत्र अपुरे पडते. मग संगणकात एक खोटी रांग तयार करतात. माणसे कशी येतील, दार किती रुंद, कोण किती वेळ घेईल, याचे नियम त्याला सांगतात आणि ती रांग शेकडो वेळा चालवून बघतात. प्रत्यक्षात दार तोडून बघण्याआधी ते संगणकात तोडून बघायचे. सिम्युलेशन म्हणतात ते हेच. ज्या नियमांवर ते चालते त्या मांडणीला मॉडेल म्हणतात, आणि 'असे असते असे आम्ही धरून चाललो' असे ज्या गोष्टींबद्दल म्हटलेले असते, ती गृहीतके.

स्पर्धेत मुलांना एखादा खऱ्या आयुष्यातला प्रश्न देतात, थोडी माहिती देतात आणि ठरावीक वेळ देतात. तेवढ्या वेळात गटाने मॉडेल उभे करायचे, चालवायचे, आणि काय केले, का केले, निष्कर्षावर कितपत विश्वास ठेवावा, हे अहवालात लिहायचे. एकच बरोबर उत्तर असे काही नसते. म्हणूनच ही स्पर्धा चालवायला यंत्र पुरत नाही, वाचणारी माणसे लागतात.

जगात या स्पर्धा कशा चालतात

अमेरिकेतली कोमॅप ही संस्था १९८५ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी गणिती मॉडेलिंगची स्पर्धा घेते. तीन जणांपर्यंतचा गट, चार दिवस, जगभरातून हजारो गट. चीनमधून तर इतके येतात की बाकीचे देश किरकोळ वाटावेत. आता तिथे एआयची मदत घेतली असेल तर कुठे आणि कशी घेतली हे अहवालात लिहून द्यावे लागते. सिमिओ ही सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही आपल्या सॉफ्टवेअरवर विद्यार्थ्यांची स्पर्धा घेते.

पण मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती 'एम-थ्री चॅलेंज'. अमेरिकेतली सियाम ही उपयोजित गणिताची संस्था ती चालवते. २००६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या आणि इंग्लंड-वेल्समधल्या त्याच टप्प्यावरच्या मुलांसाठी आहे. तीन ते पाच जणांचा गट, प्रवेश फी नाही. ठरलेल्या शनिवार-रविवारी गटाने आपल्या सोयीची वेळ निवडायची, प्रश्न उघडायचा आणि सलग १४ तासांत उत्तर पाठवायचे. एकदा प्रश्न उघडला की शिक्षकाने मदत करायची नाही.

या स्पर्धेचे जुने विषय बघा. २०१४ मध्ये शाळेतले जेवण : पौष्टिक, परवडणारे आणि मुले खातील असे कसे करावे. २०१८ मध्ये वाया जाणारे अन्न. २०१९ मध्ये व्यसन. २०२१ मध्ये इंटरनेट कोणाला मिळते आणि कोणाला परवडत नाही. २०२४ मध्ये घरांचा तुटवडा आणि बेघर माणसे. त्यासाठी सिएटल, अल्बुकर्की, मँचेस्टर अशा शहरांची माहिती मुलांना दिली होती. २०२५ मध्ये उष्णतेच्या लाटा आणि त्यांची झळ कोणाला जास्त बसते. समाजकार्याचा अभ्यासक्रम वाटावा अशी ही यादी आहे. नाव गणिताचे असले तरी आत आहे अन्न, घर, दारू आणि ऊन.

आमच्या प्राध्यापकांनी त्याच धर्तीवर, पण आपल्या ऐपतीप्रमाणे, सोपी स्पर्धा बेतली होती. १७ गट, चार-चार जण. प्रश्न होता : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत रुग्णांना कमी वेळ थांबावे लागेल अशी व्यवस्था सुचवा. अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत.

स्वयंसेवकाची कामे

पहिले काम स्पर्धेच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि बाहेरून ते दिसतच नाही : प्रश्न तयार करणे. प्रश्न असा हवा की शहरातल्या महागड्या महाविद्यालयाचा गट आणि खेड्यातून एसटीने येणारा गट दोघांनाही तो हातात धरता यावा. सोबत द्यायची माहिती कोणीतरी गोळा करावी लागते. आमच्याकडे दोन स्वयंसेवक मुलींनी तीन दिवस एका आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसून कोण किती वाजता आले आणि किती वाजता आत गेले याची नोंद काढली. नाव लिहिले नाही, आजार विचारला नाही, फक्त वेळ. त्यासाठी आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती. माझ्या मते सबंध स्पर्धेतले सर्वांत मोलाचे काम तेच होते, आणि बक्षीस समारंभात त्याचा उल्लेख राहून गेला.

दुसरे काम सरावाचे. पंधरा दिवस आधी एक दुपार घेऊन गटांना सॉफ्टवेअर दाखवायचे. आम्ही नेटलोगो वापरले. १९९९ पासून आहे, मोफत आहे, आणि त्याची एक आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते, म्हणजे काही बसवावे लागत नाही. हे 'बसवावे लागत नाही' फार महत्त्वाचे. ज्या घरी लॅपटॉप नाही, त्या मुलीला महाविद्यालयाच्या लॅबमध्ये बसून सराव करायचा असतो, आणि तिथल्या संगणकावर काही बसवायला लॅबवाल्या सरांची परवानगी लागते. पहिल्या दिवशी अकरा वाजता वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला चाळीस मिनिटे लागली. गेलेला वेळ सगळ्यांना सारखा वाढवून द्यायचा, की ज्यांच्या लॅपटॉपला बॅटरी होती त्यांना नाही द्यायचा, यावर आयोजकांत चांगलाच वाद झाला. शेवटी सगळ्यांना सारखाच दिला. मला ते पटले नाही, अजूनही पटलेले नाही. ज्यांचे काम थांबलेच नाही त्यांना चाळीस मिनिटे फुकट मिळाली. पण असा निर्णय आधी लिहून ठेवलेला नसेल तर ऐनवेळी जो जोरात बोलतो त्याचे चालते, एवढे मात्र मी शिकले.

बाकी किरकोळ कामे असतात : प्रत्येक गटाला क्रमांक देणे, अहवालाच्या पानापानावर नाव राहिले नाही ना हे बघणे, वेळ लावणे, जेवण. मग येते मुख्य काम. वाचणे.

वाचताना काय बघायचे

एम-थ्रीमध्ये पहिल्या फेरीला 'ट्रायाज' म्हणतात. अपघात विभागात आधी कोणाला बघायचे हे डॉक्टर झटपट ठरवतात, तोच शब्द. गणिताचे जाणकार स्वयंसेवक म्हणून अहवाल वाचतात. एकच अहवाल एकाहून अधिक जण वाचतात आणि निवडलेले पुढच्या फेरीत जातात. आमच्याकडे प्रत्येक अहवाल दोघांनी वाचायचा असे ठरले : एक गणिताचा, एक बाहेरचा. मी बाहेरची. माझ्या वाट्याला नऊ अहवाल आले, एकेकाला पाऊण तास लागला.

सर्वांत आधी सारांशाचे पान. मुलांना वाटते की गणित महत्त्वाचे, सारांश शेवटच्या दहा मिनिटांत खरडला तरी चालेल. उलट आहे. वाचणारा तिथूनच ठरवतो की यांना प्रश्न कळला आहे का. दुसरे, मॉडेल किती वेळा चालवले. एका गटाने सिम्युलेशन एकदाच चालवून 'थांबण्याचा वेळ ११.३ मिनिटे' असे ठणकावून लिहिले होते. एकदा चालवणे म्हणजे एकदा फासा टाकणे. सहा पडला म्हणून फाशावर सहाच असतात असे नाही. तीस-चाळीस वेळा चालवून उत्तर कुठून कुठपर्यंत हलते ते सांगायला हवे.

तिसरे, आणि माझ्या दृष्टीने खरे, गृहीतकांचे पान.

नऊपैकी सात अहवालांत एकच गृहीतक होते : रुग्ण सकाळी नऊपासून बारापर्यंत सुटे सुटे, केव्हाही येतात. पुस्तकात तसेच असते. तासाला १२ रुग्ण, डॉक्टर एकाला चार मिनिटे देतात म्हणजे तासाला १५ तपासू शकतात. असे असेल तर माणसाला सरासरी दहा-पंधरा मिनिटेच थांबावे लागते. मग हे सगळे गट या निष्कर्षावर आले की व्यवस्था ठीक आहे, फक्त बसायला बाके वाढवा.

एका गटाने मात्र व्हरांड्यातली नोंद नीट वाचली होती. त्यांना दिसले की बहुतेक रुग्ण नऊच्या सुमारास एकदम येतात, कारण आतल्या गावांची एसटी तेव्हा येते. त्यांनी ३६ रुग्ण नऊ वाजता एकदम सोडले. रुग्ण तेवढेच, डॉक्टर तोच, चार मिनिटेही तीच. सरासरी थांबणे झाले एक तास दहा मिनिटे, आणि शेवटच्या माणसाचे दोन तास वीस मिनिटे. पुढे त्यांनी आणखी एक ओळ घातली होती. परतीची गाडी अकराला सुटते. तोपर्यंत ३० जण तपासून होतात, सहा उरतात. हे सहा कोण? तर गाडीतून सर्वांत शेवटी उतरणारे : म्हातारी माणसे आणि कडेवर मूल असलेल्या बाया. त्यांनी एक तर न तपासता परत जायचे, नाही तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहायचे.

या गटाने सुचवलेला उपाय बाकांचा नव्हता. गाडी आल्यावर चिठ्ठी रांगेत उभे राहण्याच्या क्रमाने न देता वय आणि लेकरू बघून द्यावी, आणि डॉक्टरांनी साडेआठला सुरू करता येईल का बघावे, म्हणजे गाडीने न येणारे गावातले रुग्ण आधी होऊन जातील, असे त्यांनी लिहिले. अहवाल मराठीत होता, हाताने काढलेल्या दोन आकृत्या, शुद्धलेखनाच्या चुका. माझ्यासोबतच्या गणिताच्या परीक्षकांनी त्याला आधी मध्यम गुण दिले होते. 'मांडणी कच्ची आहे' असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. आम्ही दोघे समोरासमोर बसलो, त्यांनी गणित पुन्हा तपासले आणि गुण वाढवले. इथे मी एक कबुली देते. त्याच दुपारी मी स्वतः एका चकचकीत इंग्रजी अहवालाला पहिल्या वाचनात भरपूर गुण दिले होते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्यात रुग्ण हा शब्द काढून ग्राहक घातला तरी काही बदलणार नव्हते. इंग्रजीचा धाक आपल्यालाही असतो, बाबांनो. परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर तो आपोआप जात नाही.

जुळणारा आलेख आणि खरे कारण

गृहीतकांवर एवढा भर का, याचे एक जुने उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. साथीच्या रोगांचे जे गणित कोरोनाच्या काळात सगळ्या जगाने ऐकले, त्याचा पाया केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये एका शोधनिबंधात घातला. मॅकेंड्रिक हे आधी भारतात वैद्यकीय सेवेत होते. आपले सूत्र खऱ्या साथीला लागू पडते हे दाखवण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या आठवड्यागणिक मृत्यूंचे. आलेख सुरेख जुळला. आजही अनेक पाठ्यपुस्तकांत तो छापतात.

पण मुंबईतला प्लेग पसरत होता मुख्यतः उंदरांमधून आणि त्यांच्या पिसवांमधून, आणि ऋतूप्रमाणे चढत-उतरत होता. मॉडेलमध्ये रोग थेट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्याचा वेग बदलत नाही असे धरले होते. उंदरांची गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक होती. हे ढोबळ आहे असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पुढच्या अभ्यासकांनी दाखवले की आलेख जुळला तरी त्या साथीचे कारण त्या सूत्रात नव्हते. विद्यार्थ्यांच्या अहवालात हे दर वर्षी घडत असणार : आलेख जुळला की मुले खूश, शिक्षक खूश. समोर बसून 'पण उंदीर कुठे आहेत?' असे विचारणारे कोणीतरी पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये वस्त्या वेगवेगळ्या का होतात याचे मॉडेल मांडले. बुद्धिबळाच्या पटासारखा पट, दोन रंगांच्या सोंगट्या, काही घरे रिकामी. प्रत्येकाची अट साधी : शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश माझ्या रंगाचे असावेत. नसतील तर मी रिकाम्या घरात जाईन. कोणालाच दुसऱ्या रंगाचा द्वेष नाही, तरी थोड्या वेळात पट दोन रंगांच्या वेगळ्या मोहल्ल्यांत फाटतो. हे मॉडेल नेटलोगोत तयार मिळते, त्यामुळे सरावाच्या दुपारी मुलांनी ते चालवले. एका मुलाने लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे ताई, आपल्याकडच्या वस्त्या पण अशाच झाल्या असतील. कोणाचा दोष नाही."

मी त्याला म्हटले, तुझ्या पटावर नाराज सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात जाऊ शकते. तुझ्या शहरात जाऊ शकते का? युजीसीचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातला भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आडनावांच्या माणसांनी फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन घर मागितले. उच्चवर्णीय आडनावाला सहज मिळणारे घर दलित आणि मुस्लिम आडनावाला अनेकदा नाकारले गेले, किंवा जाचक अटी घालून देऊ केले गेले. आपल्यापैकी ज्यांनी पुण्या-मुंबईत खोली शोधली आहे त्यांना यासाठी शोधनिबंध वाचावा लागत नाही. शेलिंगच्या पटावर घरमालक नाही. गावाबाहेरची वस्ती तर कोणाच्या आवडीनिवडीने झालेलीच नाही.

मुलगा हुशार होता. त्याने अर्ध्या तासात नियम बदलला : एका रंगाच्या सोंगटीला पटाच्या ठरावीक भागात शिरू द्यायचे नाही, आणि शेजाऱ्याच्या रंगाची आवड कोणालाच नाही असे धरायचे. पट तरीही फाटलेलाच राहिला. म्हणजे बाहेरून दिसणारे चित्र तेच, कारणे दोन वेगळी. शेलिंगचे मॉडेल चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. ते ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा आहे. पण त्या खोलीत घर नाकारले गेलेले एकही माणूस नसते, तर 'कोणाचा दोष नाही' हेच वाक्य शिकवण म्हणून मुलांसोबत घरी गेले असते.

निनावी वाचन आणि आपली जबाबदारी

आमच्या स्पर्धेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अहवालावर फक्त क्रमांक असतो. नाव नाही, महाविद्यालय नाही. एम-थ्रीतही अहवालावर नाव आणि शाळा चालत नाही, गटाचा क्रमांकच असतो. आपल्याकडे तोंडी परीक्षेत आधी आडनाव विचारले जाते, मग प्रश्न. तो अनुभव असणाऱ्या मुलामुलींसाठी क्रमांकाच्या आड उभे राहणे किती मोकळे करणारे असते, हे वेगळे सांगायला नको.

पण हा नियम आपल्यावरही चालतो. माझ्या वाट्याच्या एका अहवालात आमच्याच वस्तीतल्या रस्त्याचे वर्णन होते. तो आमच्या अभ्यासिकेच्या मुलांचा आहे हे मी दुसऱ्याच पानावर ओळखले. मी तो सरांना परत दिला आणि दुसऱ्या परीक्षकाने वाचला. मुलांचा चौथा क्रमांक आला, बक्षीस तिघांनाच होते. एका पालकाने नंतर मला सुनावले, "ताई, तुम्ही तिथं बसून काय उपयोग झाला?" मला वाईट वाटले, पण उत्तर सोपे होते. आमच्या मुलांचा अहवाल ज्या टेबलावर गेला तिथेही कोणीतरी क्रमांक बघूनच वाचत होते, आणि तो भरवसा मी मोडला असता तर पुढच्या वर्षी तो आमच्याच कामाला आला नसता. आणखी एक : निष्कर्ष आपल्या मनासारखा आहे म्हणून गुण देता येत नाहीत. जातीविरुद्ध तळमळीने लिहिलेल्या एका अहवालाला मी कमी गुण दिले, कारण त्यात मॉडेल नव्हतेच, निबंध होता.

सुरुवात कुठून करावी

यासाठी गणिताची पदवी लागते असे नाही. प्रश्न घडवायला, माहिती गोळा करायला, सराव घ्यायला आणि बाहेरचा वाचक म्हणून बसायला लागत नाही. गणित तपासायला मात्र लागते, तिथे उगाच आपली अक्कल चालवू नये. सियामने मॉडेलिंग शिकवणाऱ्या दोन पुस्तिका मोफत ठेवल्या आहेत. इंग्रजी सोपे आहे. एम-थ्रीचे जुने प्रश्न आणि विजेत्या गटांचे अहवालही नेटवर बघायला मिळतात. विहारातल्या किंवा अभ्यासिकेतल्या चार-पाच जणांनी एका रविवारी २०२४ चा घरांचा प्रश्न घ्यावा, विजेता अहवाल उघडावा आणि फक्त गृहीतकांचे पान वाचून प्रत्येक ओळीपुढे लिहावे : आपल्या शहरात हे खरे आहे का? त्या एका बैठकीत जे कळते ते दहा व्याख्यानांनी कळत नाही. मग जवळच्या महाविद्यालयात गणिताच्या, संगणकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या विभागात जाऊन विचारावे की अशी स्पर्धा होते का, माणसे हवीत का. बहुतेक ठिकाणी माणसे हवीच असतात.

मानधन नसते. आम्हाला प्रवासखर्च, दोन वेळचे जेवण आणि एक प्रमाणपत्र मिळाले, त्यावर माझे नावही चुकीचे छापले होते. मोजून बघितले तर एकूण चार दिवस गेले : एक सरावाचा, दोन स्पर्धेचे, एक वाचनाचा. ज्यांची रोजी बुडते त्यांनी हे आधीच आयोजकांशी बोलून घ्यावे; दोघांत मिळून एक जागा घेता येते, रात्री घरी बसून वाचायचे अहवाल मागता येतात.

यंदा सरांनी प्रश्न ठरवायच्या बैठकीलाच बोलावले. विषय ठरला आहे, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचे वाटप. प्रश्नाच्या पहिल्या मसुद्यात 'टँकर गावाच्या मध्यभागी उभा राहतो' असे वाक्य होते. मागच्या वर्षी व्हरांड्यात बसून नोंद काढणाऱ्या त्याच दोघी मुली आता तीन गावांत जाऊन टँकर खरोखर कुठे उभा राहतो, किती वाजता येतो आणि शेवटची घागर कोणाची भरते, हे लिहून आणणार आहेत. ते वाक्य तोपर्यंत मसुद्यातून काढून ठेवले आहे.